ऑनलाइन विज्ञान अभ्यासक्रमातला मधला माणूस

आजचा विषय वरवर साधा आहे. ऑनलाइन विज्ञान अभ्यासक्रमात मुख्य प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या मध्ये एक टीए असतो, म्हणजे टीचिंग असिस्टंट. त्यानं काय करावं, आणि विद्यार्थ्यानं त्याच्याकडून काय घ्यावं, एवढाच हा विषय. यावर सल्ले भरपूर मिळतात. टीएंना सांगतात, वेळेवर उत्तर द्या, सौजन्यानं बोला, थेट उत्तर सांगून टाकू नका. विद्यार्थ्यांना सांगतात, वेळापत्रक करा, मोबाइल दूर ठेवा, नियमित राहा. हे सल्ले खोटे नाहीत. पण ते कोणत्याही विषयाला, कोणत्याही गावाला लागू पडतात, आणि म्हणूनच नेमक्या अडचणीच्या ठिकाणी ते कामाला येत नाहीत. आम्ही आज या सल्ल्यांची आणि ज्या व्यवस्थेत ते दिले जातात तिची समीक्षा करणार आहोत. आम्ही म्हणजे राजापेठ-बडनेरा रोड भागातल्या विज्ञानाच्या मुलामुलींसोबत बसणारी, त्यांच्या शंका ऐकणारी काही माणसं.

आधी कशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. आपल्याकडे 'ऑनलाइन सायन्स कोर्स' म्हटलं की कॉलेजातल्या पोरांच्या डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं एनपीटेलचं. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून हा उपक्रम २००३ साली सुरू केला. सुरुवातीला ती नुसती ध्वनिचित्रफितींची आणि टिपणांची पेटी होती. २०१४ पासून त्यात आठवड्याच्या असाइनमेंट, परीक्षा आणि प्रमाणपत्र आलं. ९ जुलै २०१७ ला 'स्वयम' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ सुरू झालं आणि एनपीटेल त्याचा एक मोठा भाग झाला. शिकायला पैसे लागत नाहीत. परीक्षा द्यायची तर फी, आणि परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यायची. अमरावतीतल्या मुलाला मद्रासच्या किंवा खरगपूरच्या प्राध्यापकाचं शिकवणं घरबसल्या, फुकट मिळतं. ही गोष्ट लहान नाही. आमची टीका ऐकताना हे विसरू नका.

आता हा अभ्यासक्रम 'इंटेन्सिव्ह' कसा, ते बघा. १२ आठवड्यांच्या कोर्सला सुमारे ३० तासांची व्याख्यानं असतात. म्हणजे आठवड्याला अडीच तास. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण विज्ञानाचं अडीच तासांचं व्याख्यान नीट समजून घ्यायचं, थांबवून थांबवून लिहायचं, गणितं सोडवायची, तर त्याचे सात-आठ तास सहज होतात. त्यात कॉलेजची प्रॅक्टिकलं, अंतर्गत परीक्षा, विद्यापीठाची परीक्षा. आणि एकाच सत्रात दोन-तीन कोर्स घेतलेली मुलं आम्ही पाहतो, कारण नोंदणी करायला एक मिनिट लागतं.

यात पणाला काय लागलंय? पूर्वी हे प्रमाणपत्र म्हणजे बायोडेटातली एक ओळ होती. आता तसं राहिलेलं नाही. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनी 'स्वयम'वरून २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घ्यायची मुभा दिली होती. २०२१ च्या नियमांनी ती मर्यादा ४० टक्के केली. १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३ क्रेडिट. म्हणजे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या काय, कुठल्याही विद्यापीठाच्या विद्यार्थ्याच्या पदवीचा मोठा तुकडा आता अशा शिक्षणातून येऊ शकतो, जिथे शिकवणारा त्याचा चेहरा कधी पाहत नाही. मग त्या तुकड्यातलं शिक्षण खरं आहे की नाही, हा प्रश्न आपल्या पोरांच्या पदवीचाच प्रश्न झाला.

एनपीटेलच्या प्रमाणपत्रावर एक गोष्ट छापलेली असते, ती कोणी फारशी वाचत नाही. तिथे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. असाइनमेंटचे २५ पैकी, आणि परीक्षेचे ७५ पैकी. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. एखाद्याच्या प्रमाणपत्रावर असाइनमेंटचे २४ आणि परीक्षेचे ३१ असतील, तर ते दोन आकडे एकमेकांशी भांडतात. घरी बसून जवळजवळ सगळं बरोबर, आणि केंद्रावर बसल्यावर निम्म्याहून कमी. एकूण ५५ होतात, मुलगा पास होतो, पेढे वाटतो. पण ते २४ कुठून आले, हा प्रश्न उरतोच.

कुठून आले ते सगळ्यांना माहीत आहे. असाइनमेंट बहुपर्यायी असतात. कोर्स पुन्हा पुन्हा चालतो, प्रश्न बरेचदा तेच किंवा तसेच असतात. आठवड्याची उत्तरं टेलिग्रामच्या ग्रुपवर आणि यूट्यूबवर फिरत असतात. मुलगा ती बघून टिचक्या मारतो. यावर नेहमीचा सल्ला 'कॉपी करू नका, स्वतःची फसवणूक करू नका'. आम्हाला हा सल्ला अपुरा वाटतो. ज्याला पहिल्याच पायरीवर ठेच लागली, ज्यानं प्रश्न विचारून पाहिला आणि ज्याला मिळालेलं उत्तर कळलंच नाही, तो शेवटी उत्तराच्या यादीकडे वळणारच. सगळे असे नसतात हे मान्य. काहींना नुसतं प्रमाणपत्र हवं असतं, त्यांच्याबद्दल आम्हाला काही बोलायचं नाही. पण ज्याला शिकायचं होतं आणि तरी ज्यानं यादी उघडली, तो मुलगा नेमका कुठे सुटला, हे शोधायला पाहिजे. आणि तो सुटतो ती जागा बहुतेक वेळा टीएच्या आवाक्यातली असते.

एक उदाहरण घेऊ. ऊष्मागतिकीचं, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचं. प्रश्न असा: एका वायूला ५०० जूल उष्णता दिली. तो १ बार इतक्या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध २ लिटरनं प्रसरण पावला. त्याची आंतरिक ऊर्जा कितीनं बदलली? एक बार गुणिले एक लिटर म्हणजे १०० जूल. म्हणजे वायूनं २०० जूल कार्य केलं. ५०० आत आले, २०० बाहेर गेले, ३०० उरले. उत्तर ३०० जूल.

आता आपला विद्यार्थी लिहितो, "सर, माह्यं उत्तर ७०० येऊन राह्यलं. ऑप्शनमंदी हाये बी. मंग चूक काहून दाखवते?"

७०० कसे आले? अकरावीच्या एनसीईआरटीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पहिला नियम असा आहे की दिलेली उष्णता म्हणजे आंतरिक ऊर्जेतला बदल अधिक कार्य. इथे कार्य म्हणजे वायूनं केलेलं. त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात नियम असा आहे की आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य. इथे कार्य म्हणजे वायूवर केलेलं. दोन्ही बरोबर. पण मुलानं सूत्र घेतलं रसायनशास्त्राचं आणि कार्याची किंमत घातली भौतिकशास्त्राची, म्हणून ५०० अधिक २००, झाले ७००. आणि प्रश्न काढणाऱ्यानं ७०० हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो, कारण ही चूक होते हे त्याला ठाऊक असतं.

यावर टीए तीन प्रकारचं उत्तर देऊ शकतो. पहिलं, "साइन कन्व्हेन्शन तपासा." हे वेळेवर आहे, सौजन्याचं आहे, थेट उत्तरही सांगत नाही. म्हणजे सल्ल्याच्या तिन्ही कसोट्यांवर उतरतं. आणि तरी निरुपयोगी आहे, कारण ज्याला साइन कन्व्हेन्शन तपासता येतं तो हा प्रश्न विचारतच नाही. दुसरं, टीए पूर्ण सोडवून पाठवतो. मुलगा ते उतरवून घेतो, आणि पुढच्या आठवड्यात वायू आकुंचन पावला की पुन्हा तिथेच अडतो. तिसरं, टीए उलट विचारतो, "तुम्ही लिहिलेल्या सूत्रात कार्य कोणी केलेलं आहे? वायूनं, की वायूवर?" एवढंच. हा प्रश्न मुलाला त्याच्याच वहीतल्या त्या ओळीवर परत नेतो. तिथे त्याला स्वतःला दिसतं.

तर 'थेट उत्तर देऊ नका' या सल्ल्यात उणीव ही, की काय देऊ नये ते तो सांगतो, काय द्यावं ते सांगत नाही. त्याऐवजी आम्ही म्हणू की उत्तराला उत्तर देऊ नका, पायरीला उत्तर द्या. याला आधार आहे. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एक निबंध लिहिला, तो शिक्षणशास्त्रात फार गाजला. एकट्याला शिकवणारा शिक्षक मिळाला तर सामान्य विद्यार्थी वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या पुढे जातो, असा त्याचा दावा होता. पुढच्या अभ्यासांत इतका प्रचंड फरक सहसा आढळला नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. माणसानं एकट्याला शिकवण्याचा परिणाम त्यांच्या मापात सुमारे ०.७९ निघाला. संगणकाची जी प्रणाली प्रत्येक पायरीवर प्रतिसाद देते तिचा सुमारे ०.७६. आणि जी फक्त शेवटचं उत्तर बरोबर की चूक एवढंच सांगते तिचा सुमारे ०.३१. बघा बरं, पायरीवर बोलणारं यंत्र माणसाच्या जवळ पोचतं, आणि उत्तरावर बोलणारी व्यवस्था निम्म्याच्याही खाली राहते. बहुपर्यायी असाइनमेंट ही उत्तरावर बोलणारी व्यवस्था आहे. तिला पायरीपर्यंत आणायचं काम टीएचं. 'साइन कन्व्हेन्शन तपासा' म्हणणारा टीए माणूस असूनही ०.३१ च्या रांगेत जाऊन उभा राहतो.

आता भाषेकडे येऊ. अमरावतीकर म्हणून आपल्याला एक गोष्ट कळते. मुंबई-हावडा मुख्य लाइन बडनेऱ्यावरून जाते. गाडी कितीही चांगली असो, अमरावतीला यायचं तर बडनेऱ्याहून पुढचा फाटा धरावा लागतो. आयआयटीतलं व्याख्यान उत्तम असतं, पण ते बडनेऱ्यापर्यंत येतं. पुढचा टप्पा भाषेचा आहे.

मराठी माध्यमातला मुलगा दहावीपर्यंत बल, त्वरण, संवेग, विशिष्ट उष्माधारकता असे शब्द शिकतो. अकरावीला विज्ञान शाखेत गेला की एका उन्हाळ्यात सगळे शब्द इंग्रजी होतात. संकल्पना त्याच असतात, पण त्या जुन्या शब्दांना चिकटलेल्या राहतात. वर आणखी एक भानगड आहे. शाळेच्या पुस्तकात चाल वेगळी आणि वेग वेगळा, एकाला दिशा नाही, दुसऱ्याला आहे. घरी मात्र आपण गाडीचा वेगच म्हणतो, दिशेचा विचार न करता. तर हा मुलगा व्हेलॉसिटी ऐकतो, मनात वेग म्हणतो, आणि समजतो स्पीड. मद्रासच्या टीएला हे दिसणं शक्य नाही. तो त्याच्या जागी बरोबर असतो. त्याला वाटतं मुलाचं भौतिकशास्त्र कच्चं आहे. खरं तर तिथे एक शब्द अडकलेला असतो.

एनपीटेलनं अनेक कोर्सेसची भाषांतरं मराठीसह भारतीय भाषांत केली आहेत. चांगलं काम आहे. पण व्याख्यान भाषांतरित झालं म्हणून शंका भाषांतरित होत नाही. मुलाला ऐकायला मराठी मिळाली, विचारायला मात्र इंग्रजीच लागली, तर तो विचारत नाही, गप्प बसतो. म्हणून आमचं म्हणणं, ऐकण्याच्या भाषेइतकंच विचारण्याच्या भाषेकडे लक्ष द्या.

याच बाबतीत मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प तुलनेला घेण्यासारखा आहे. तिथे संगणकाची मुक्त सॉफ्टवेअरं शिकवतात, साधारण दहा-दहा मिनिटांच्या पाठांत. आवाज मराठीत, वऱ्हाडातल्या मुलालाही कळेल असा. पडद्यावरचं सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतच ठेवतात, कारण नोकरीत ते तसंच भेटणार. विद्यार्थ्यानं पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचं, आणि सांगितलेली प्रत्येक कृती तिथल्या तिथे करायची. पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पाठ तयार व्हायच्या आधीची एक पायरी. पाठाची संहिता ध्वनिमुद्रणाआधी एका नवख्या माणसाला देतात, ज्याला तो विषय येत नाही. तो ती वाचून करून बघतो. जिथे अडला तिथे संहिता दुरुस्त करतात. नवख्याची परीक्षा घेत नाहीत, पाठाची घेतात.

आपल्या विज्ञानाच्या मोठ्या कोर्सेसमध्ये ही पायरी आम्हाला दिसत नाही. प्राध्यापक बोलतात, कॅमेरा टिपतो, पाठ तयार. विषयाचं ज्ञान निर्विवाद असतं. पण "यावरून सहज दिसेल की" असं म्हणून तीन पायऱ्या गिळल्या जातात, आणि चित्रित झालेल्या त्या तीन पायऱ्या पुढची सगळी वर्षं गिळलेल्याच राहतात. वर्गात एखाद्यानं हात वर केला असता. कॅमेऱ्यासमोर कोणी करत नाही. ध्वनिचित्रफितीत तो हात घालणारा एकच माणूस आहे, टीए.

तर मग टीएंसाठी आमचे सल्ले. पाचच सांगतो.

पहिला. आठवड्याची असाइनमेंट मुलांकडे जायच्या आधी स्वतः सोडवा, आणि शक्य असेल तर विषय न येणाऱ्या एखाद्या मित्राला द्या. तो जिथे थांबला ती जागा लिहून ठेवा. शनिवारी येणारे निम्मे प्रश्न तुम्हाला सोमवारीच कळतील.

दुसरा. कारभाराचे आणि विज्ञानाचे प्रश्न वेगळे करा. शेवटची तारीख कोणती, दशांशाची किती स्थळं लिहायची, फी कुठे भरायची, या प्रश्नांची उत्तरं एका ठिकाणी, एकदाच, साध्या भाषेत लिहा. जॉर्जिया टेक विद्यापीठात अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये एका ऑनलाइन कोर्सला 'जिल वॉटसन' नावाचा संगणकी टीए लावला. असे नेहमीचे, ठरावीक प्रश्न तो हाताळायचा. यंत्रानं माणसाची जागा घेतली, असा गाजावाजा तेव्हा झाला. आम्ही त्यातून उलटा अर्थ काढतो. जे काम यंत्राला देता येतं ते दिल्यावर टीएकडे वेळ उरतो, आणि तो वेळ ७०० का आले हे विचारायला आहे.

तिसरा. "समजलं का?" असं विचारू नका. थेट सत्रात या प्रश्नाला सगळे 'हो सर' म्हणतात. वऱ्हाडात तर म्हणतातच, समोरच्याला कशाला वाईट वाटू द्यायचं. त्याऐवजी एक छोटा प्रश्न टाका, दोन मिनिटं द्या, सगळ्यांना उत्तर लिहू द्या. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच केलं. आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. ऑनलाइन सत्रात हे करायला काहीच अडचण नाही.

चौथा. मुदत संपल्यावर बरोबर उत्तर सांगण्यापेक्षा चुकीच्या पर्यायांवर बोला. ७०० कोणत्या विचारातून येतात, २०० कोणत्या विचारातून येतात. बरोबर उत्तर टेलिग्रामवर मिळतं. चुकीच्या उत्तराचं कारण तिथे मिळत नाही. ज्या मुलानं यादीतून ३०० टिचकवले, त्यालाही या सत्रात बसावंसं वाटेल, कारण परीक्षेत आकडे बदलणार हे त्यालाही माहीत आहे.

पाचवा. वर कळवा. कोणत्या आठवड्याच्या, कोणत्या व्याख्यानाच्या, कितव्या मिनिटाला मुलं अडली याची यादी सत्राच्या शेवटी प्राध्यापकांना द्या. तिथे पाच मिनिटांची पुरवणी चित्रफीत जोडता येते. हे केलं नाही, तर पुढच्या वर्षीचा टीए तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. टीए स्वतः संशोधन करणारा विद्यार्थी असतो. त्याचा प्रबंध, त्याचे प्रयोग, त्याची शिष्यवृत्ती. समोर हजारो विद्यार्थी. एकेकाच्या पायरीवर तो बोलणार कसा? संख्येचं हे ओझं सगळ्या जगात आहे. एमआयटीनं २०१२ मध्ये सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा आपला पहिला खुला ऑनलाइन कोर्स चालवला. नोंदणी सुमारे १,५५,०००. प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. शंभरात पाचही नाहीत. तिथे पदवी पणाला लागलेली नव्हती, म्हणून सोडून जाणाऱ्याचं फारसं बिघडलं नाही. आपल्याकडे क्रेडिट जोडलं की सोडून जाणाऱ्याचं बिघडतं.

म्हणून सगळा भार दूरच्या टीएवर टाकून चालणार नाही. एनपीटेलच्या रचनेत कॉलेजची स्थानिक केंद्रं आहेत, त्यात मार्गदर्शक प्राध्यापक नेमायची सोय आहे. ही सोय बहुधा नोंदणीची यादी करण्यात आणि स्मरणपत्रं पाठवण्यात खर्च होते. आमचं म्हणणं, या मार्गदर्शकाला खरा टीए करा. आठवड्यातून एक तास, एक वर्ग, एक फळा. त्याला त्या कोर्सचं सगळं आलंच पाहिजे असं नाही. मुलांची शंका मराठीतून ऐकायची, ती कोणत्या पायरीची आहे ते ओळखायचं, आणि दूरच्या टीएला नीट इंग्रजीत दोन ओळींत कळवायचं. चाळीस मुलांच्या चाळीस गोंधळलेल्या प्रश्नांचे चार नेमके प्रश्न झाले, तर मद्रासचा टीएही उत्तर देऊ शकेल. हा तास त्या प्राध्यापकाच्या कार्यभारात मोजला गेला पाहिजे, हेही सांगून ठेवतो. नाहीतर चार आठवड्यांत तो बंद पडेल, आणि दोष कोणाचा म्हणून आपण पुन्हा मुलांकडे बघू. या गावाला हे नवीन नाही. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, ते खेड्यातून आलेल्या मुलांना राहायला, जेवायला आणि सोबत अभ्यासाला जागा मिळावी म्हणून. शिक्षण शहरात आलेलं होतंच. तिथपर्यंत पोचायची आणि तिथे टिकायची सोय नव्हती.

आता विद्यार्थी मंडळी. तुमच्यासाठीही पाच.

पहिलं, पर्याय झाकून सोडवा. खरंच, पडद्यावर कागद लावा. आधी वहीत उत्तर काढा, मग पर्याय बघा. पर्याय समोर असले की आपण सोडवत नाही, निवडतो. आणि तुमचं उत्तर चारांपैकी कशातच नसेल, तर तेवढ्यातच तुम्हाला मोठी माहिती मिळाली.

दुसरं, प्रश्न तीन ओळींत लिहा. मी काय केलं, कुठे अडलो, मला काय अपेक्षित होतं. "मला थर्मोडायनॅमिक्स समजत नाही" याला जगातला कोणताही टीए उत्तर देऊ शकत नाही. "मी कार्य अधिक २०० घेतलं, उत्तर ७०० आलं, पर्यायात आहे तरी चूक दाखवतं" याला कोणीही देऊ शकतो. आधी मराठीत लिहा, वऱ्हाडीत लिहा, मग इंग्रजी करा. पुष्कळदा तिसरी ओळ लिहितानाच आपली चूक आपल्याला दिसते.

तिसरं, व्याख्यान दुसऱ्यांदा बघण्याआधी कोरा कागद घ्या. जे आठवतं ते लिहा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये यावर प्रयोग केला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. असाइनमेंट पाच मिनिटांनीही भरता येते, पण परीक्षा बारा आठवड्यांनी येते. दीडपट वेगानं तीनदा बघितलेलं व्याख्यान ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे.

चौथं, 'बारापैकी सर्वोत्तम आठ' या नियमाचा अर्थ नीट समजून घ्या. असाइनमेंटचे गुण बारापैकी उत्तम आठांवरून धरतात. ही सवलत आहे आजारपणासाठी, घरच्या लग्नासाठी, सोंगणीच्या दिवसांसाठी, विद्यापीठाच्या परीक्षेसाठी. पण बरीच मुलं पहिले आठ आठवडे भरतात आणि शेवटचे चार सोडतात. विज्ञानात शेवटचे चार आठवडे पहिल्या आठांवर उभे असतात, आणि परीक्षा बाराही आठवड्यांवर असते. सुट्टी घ्यायचीच तर मधून मधून घ्या, शेवटाला एकगठ्ठा नको.

पाचवं, तिघं-चौघं मिळून बसा, पण आधी एकेकट्यानं सोडवा. सगळ्यांनी एकत्र बसून पहिल्यापासून सोडवलं की एक जण सोडवतो आणि तिघं माना डोलावतात. आपापलं उत्तर वहीत लिहून आणा, मग भांडा. उत्तरं वेगळी आली तर तो दिवस चांगला समजा. आणि एका सत्रात एकच विज्ञानाचा कोर्स घ्या. दोन घ्यायचेच असतील तर दुसरा हलका घ्या.

शेवटी आमचं मत थोडक्यात. एनपीटेलसारख्या कोर्सेसनी व्याख्यानाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला आहे. चांगलं शिकवणं आता कोणत्याही गावात पोचतं. शंकेचा प्रश्न मात्र त्यांनी टीएच्या अंगावर ढकलला, आणि टीएला कामाऐवजी शिष्टाचार शिकवला. विद्यार्थ्याला अभ्यासाऐवजी वेळापत्रक शिकवलं. पदवीचा एवढा मोठा वाटा या मार्गानं जाऊ द्यायचा असेल, तर टीएच्या कामाला वेळ, मान आणि थोडी तयारी मिळालीच पाहिजे. आणि प्रमाणपत्रावरचे ते दोन आकडे कॉलेजनं दर सत्राला शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. कोणाला पकडायला नव्हे. अंतर जास्त आहे तिथे मुलं कुठे अडली हे विचारायला. हे काम अमरावतीतलं कुठलंही कॉलेज पुढच्या सत्रापासून सुरू करू शकतं. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. मराठीत विचारा, वऱ्हाडीत विचारा, आणि जमलं तर तीन ओळींत विचारा.